बरगीत बसून रेषीय बीजगणित

बरगीसारख्या गावातल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला आयआयटीच्या प्राध्यापकांचा गणिताचा तास आज फुकट पाहता येतो. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीचा 'एनपीटीईएल' हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम २००३चा, 'स्वयम्' हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ २०१७चे.

असाच फुकट पाहता येणारा, एमआयटीचे निवृत्त प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांचा रेषीय बीजगणिताचा पहिलाच तास जरूर पाहावा. २क्ष − य = ०, −क्ष + २य = ३ ही जोडी ते आधी छेदणाऱ्या रेषांनी दाखवतात, मग क्ष आणि य यांच्या सहगुणकांच्या स्तंभांच्या पटींची बेरीज करून. उत्तर तेच: क्ष = १, य = २. पण सदिश म्हणजे काय, हे दुसऱ्या चित्रातच उमगते.

नुसते पाहून मात्र गणित येत नाही. शिक्षकांनी व्हिडिओ मध्येच थांबवून पुढची पायरी मुलांकडून वहीत करून घ्यावी. 'स्वयम्'वर शिकणे मोफत आहे. प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढे शुल्क पडते.