इंटरनेट नेमकं कुठे अडतं?

रविवारी सकाळी आजीशी व्हिडिओ कॉल सुरू असतो. आजी काहीतरी गंमत सांगत असते आणि तेवढ्यात तिचं चित्र जागच्या जागी थांबतं. "ऐकू येतंय का रे?" एवढंच मधूनमधून कानावर येतं. मग घरात कोणीतरी म्हणतं, "आता महागातला प्लॅन घ्यायलाच हवा!"

थांबा. पैसे खर्च करण्याआधी नेट कुठे अडतंय ते शोधून काढा.

नळाला पाणी कमी आलं, तर दोष टाकीत, पाइपमध्ये किंवा नळात असू शकतो. नेटचंही तसंच आहे. कंपनीची तार मोडेमपर्यंत येते, मोडेमला राउटर जोडलेला असतो आणि राउटरपासून वायफायने नेट तुमच्या लॅपटॉपवर येतं. बऱ्याच घरांत मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असतात.

पायरी १. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. आकडा प्लॅनच्या जवळपास आला, तर कंपनीकडून नेट नीट येतंय. फारच कमी आला, तर मोठ्यांना विचारून मोडेम आणि राउटर बंद करा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावा. मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण मात्र दाबू नका. त्याने सगळी सेटिंग पुसली जातात. तरीही फरक पडला नाही, तर कंपनीला फोन करून तो आकडा सांगा.

पायरी २. आता केबल काढा. आधी राउटरजवळ आणि मग तुमच्या खोलीत वायफायवर मोजा. आमच्या घरी राउटर टीव्हीमागच्या बंद कपाटात होता. त्याच्याजवळ वेग होता २८० मेगाबिट आणि वरच्या खोलीत जेमतेम ९! प्लॅन दुप्पट करूनही वर काही फरक पडला नसता. आम्ही लांब केबल घेऊन राउटर घराच्या मधोमध, उंच फळीवर ठेवला. वरच्या खोलीतले कॉल थांबायचे बंद झाले.

पायरी ३. राउटरवर वायफायची दोन नावं दिसतात का? ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण भिंतींपुढे लवकर दमतं. २.४ चं हळू असतं, पण लांब पोचतं. मायक्रोवेव्हही साधारण २.४ वरच चालतो, म्हणून दूध गरम करताना कधीकधी कॉल अडखळतो.

पायरी ४. तुम्हाला आजी नीट दिसते, पण आजीला तुम्ही अडखळत दिसता? मग अपलोड तपासा. कोणाच्या तरी फोनवरून शेकडो फोटो वर चढत असतील. कॉल संपेपर्यंत ते थांबवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी आकडा लिहून ठेवा. नाहीतर नेमका कशाने फरक पडला ते कळणारच नाही. आणि बाकी सगळ्यांशी कॉल नीट होत असेल, तर दोष कदाचित आजीकडच्या राउटरचा असेल. मग पुढच्या सुट्टीत तिच्या घरी तपासणी तुम्हीच करा!

शब्दार्थ
जेमतेम – कसंबसं, अगदी थोडं
अडखळणे – मध्येमध्ये थांबणे
मधोमध – अगदी मध्यभागी

प्रश्न
१. लेखकाच्या घरी महागातला प्लॅन घेऊन उपयोग का झाला नसता?
२. एका वेळी एकच गोष्ट का बदलायची?
३. तुमच्या घरातल्या तीन खोल्यांमध्ये वेग मोजा आणि पाच वाक्यांत लिहा.