नेब्युलायझर परदेशी नेताना

आमच्या बाह्यरुग्ण विभागातील दम्याच्या एक आजी मुलाकडे अमेरिकेला गेल्या. तिथे एका रात्री त्यांना धाप लागली. घरून नेलेला नेब्युलायझर मुलाने अडॅप्टर लावून सुरू केला. पण यंत्र नुसतेच घरघरले, औषधाचे तुषार येईनात. पिशवीत इन्हेलर आणि स्पेसर होता, म्हणून निभावले.

आपल्या घरातील वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. अमेरिकेत ती १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. साधा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. निम्म्या व्होल्टेजवर कॉम्प्रेसरची मोटर नीट फिरत नाही, हवेला जोर येत नाही आणि औषध फुफ्फुसांपर्यंत पोहोचत नाही. उलट, तिकडचे १२० व्होल्टचे यंत्र इथे लावले तर जळू शकते.

म्हणून निघण्याआधी यंत्रावरची पट्टी वाचा. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिले असेल, तर साधा अडॅप्टर पुरतो. नुसतेच ‘२३० व्होल्ट’ असेल, तर ते यंत्र इथेच ठेवा आणि तिकडच्या विजेवर चालणारे घ्या.

इन्हेलर, स्पेसर आणि डॉक्टरांची चिठ्ठी मात्र विमानात हातातल्या पिशवीतच ठेवा. इन्हेलरला वीज लागत नाही. तो घेऊनही धाप कमी झाली नाही, तर यंत्राशी खटपट करत बसू नका. अमेरिकेत लगेच ९११ क्रमांक फिरवा.