गळ्यातला हार, पदरातली हार

मराठीत ‘हार’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. फुलांचा तो हार आणि पराभवाची ती हार. आमच्या मुदखेडच्या परिसरात फुलशेती बरीच असल्यामुळे पहिल्या हाराशी आमची ओळख अगदी लहानपणापासूनची. दुसरीशी ओळख करून दिली ती क्रिकेटने. आवडता संघ हरू लागला की चाहत्याचे नेमके काय होते, तो इतका का चिडतो आणि त्या चिडण्याला काही मर्यादा असावी की नाही, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

२०२४ सालचा उन्हाळा वाचकांना आठवत असेलच. मुंबई इंडियन्स हा २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवलेला संघ. पाचही वेळा कर्णधार रोहित शर्मा. डिसेंबर २०२३ मध्ये संघाच्या मालकांनी ते पद हार्दिक पंड्याकडे दिले आणि पुढच्या हंगामात १४ पैकी १० सामने हरून संघ दहा संघांत दहावा आला. मैदानात पाऊल टाकताच नव्या कर्णधाराची हुर्यो उडू लागली. आणि तीही परगावी नव्हे, तर खुद्द मुंबईच्या वानखेडेवर! आमच्याकडेही चहाच्या हॉटेलात, वसतिगृहाच्या ओट्यावर आणि स्टेशनच्या बाकड्यावर त्या दोन महिन्यांत दुसरा विषय नव्हता.

आता गंमत पाहा. मुंबई मुदखेडपासून रात्रभराच्या रेल्वेप्रवासाइतकी दूर. क्रिकेटच्या कारभारात नांदेड जिल्हा मोडतो तो महाराष्ट्राच्या संघात, मुंबईच्या नव्हे. या महाराष्ट्र संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला; त्यानंतर आठ दशके लोटली, तरी करंडक परत आला नाही. पण त्यासाठी आमच्यापैकी कोणी जेवण टाकल्याचे माझ्या ऐकिवात नाही. याचा अर्थ उघड आहे. राग हरण्याचा नसतो, अपेक्षाभंगाचा असतो. जिथे जीव गुंतवला तिथेच तो पोळतो. याच मुंबईच्या संघाने २०२२ साली पहिले आठ सामने ओळीने गमावले होते आणि तेव्हाही तो तळालाच होता. पण असा गदारोळ उठला नव्हता. २०२४ साली पराभवाच्या जोडीला ‘आम्हांला न विचारता आमचा कर्णधार बदलला’ ही खंत होती. चाहत्याला संघ आपला वाटतो, पण संघाच्या कारभारात त्याला काडीचाही अधिकार नसतो. तिकीट काढणे आणि ओरडणे एवढेच काय ते त्याच्या हाती. त्या ओरडण्यात म्हणूनच एवढा जोर येतो.

अमेरिकेतील रॉबर्ट सिआल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७६ साली या विषयावरील एक मजेदार अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे अधिक संख्येने घालून येत. शिवाय विजयाविषयी बोलताना ‘आपण’ हा शब्द अधिक येई आणि पराभवाविषयी बोलताना ‘ते’. हे वाचल्यावर मी आमच्या वसतिगृहात कान देऊन ऐकू लागलो. ‘आपण जिंकलो रे!’ आणि ‘हरले की लेकाचे!’ ही दोन वाक्ये एकाच तोंडून, एकाच आठवड्यात ऐकू आली. माणूस इथूनतिथून सारखाच.

या ‘आपण’चे ‘ते’ किती झटपट होते याचे सर्वांत कडू उदाहरण आपल्याच माणसाचे आहे. अजित वाडेकर! १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे पतौडींच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. भारताने वेस्ट इंडीजला प्रथमच हरवले आणि मालिकाही जिंकली. सुनील गावसकर यांच्या ७७४ आणि दिलीप सरदेसाई यांच्या ६४२ धावा त्याच मालिकेतल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी टिपून इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला आणि भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिली कसोटी व पहिली मालिका खिशात घातली. मुंबईत मिरवणूक निघाली, हारांचे ढीग पडले. इंदूरला तर या विजयाची आठवण म्हणून सिमेंटची भली मोठी बॅट उभी राहिली. पुढे १९७२-७३ च्या हिवाळ्यात मायदेशीही वाडेकरांनी इंग्लंडला २-१ असे नमवले.

आणि मग १९७४ चा उन्हाळा आला. इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या गमावल्या. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावांचा डोंगर रचला आणि २४ जून रोजी आपला दुसरा डाव अवघ्या १७ षटकांत ४२ धावांत आटोपला. त्यांतल्या नाबाद १८ एकट्या एकनाथ सोलकरांच्या. इकडे लोकांच्या संतापाला पारावार उरला नाही. वाडेकरांच्या घरावर दगड आले. इंदूरच्या त्या बॅटला डांबर फासले गेले. थोड्याच दिवसांत पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळण्यात आले आणि त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटला रामराम ठोकला. वय अवघे ३३! हार घालणारे आणि डांबर फासणारे यांच्यामध्ये पुरती तीन वर्षेही गेली नव्हती.

त्या पराभवाची कारणे काय एकट्या वाडेकरांच्या पदरात घालता येतील? दौऱ्याचा पूर्वार्ध थंड आणि ओलसर हवेतला. अशा हवेत चेंडू वळतो तो वेगवान गोलंदाजांचा. फिरकी गोलंदाजांची बोटे गारठतात. भारताची सारी भिस्त फिरकीवर आणि त्यात लॉर्ड्सवर चंद्रशेखर जखमी झालेले. आर्नल्ड आणि ओल्ड या जोडीने त्या दिवशी खरोखरच अप्रतिम मारा केला. शिवाय संघात एकोपा राहिला नव्हता. एका पराभवाला अशी पाच-सहा कारणे असतात. पण चाहत्याला पाच-सहा कारणे नको असतात, त्याला एक माणूस हवा असतो. हवामानावर दगड टाकता येत नाही, घरावर टाकता येतो. कर्णधार बदलला म्हणून तरी नशीब पालटले काय? त्याच हिवाळ्यात पतौडींना परत आणले. मालिका विलक्षण रंगली खरी, पण वेस्ट इंडीजने ती ३-२ अशी जिंकलीच.

४२ चा तो नीचांक १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला मोडला. तिथे आपला डाव ३६ वर संपला. कर्णधार कोहली ठरल्याप्रमाणे रजेवर मायदेशी गेले आणि धुरा अजिंक्य रहाणेकडे आली. दहाच दिवसांनी मेलबर्न जिंकले आणि जानेवारीत ब्रिस्बेन जिंकून मालिकाही २-१ अशी घेतली. ३६ वर कोसळलेल्या संघाच्या अंगात मालिका जिंकण्याची ताकद होती. एका दिवसाच्या धावफलकावर ती दिसत नव्हती एवढेच.

हे सारे मोठ्यांचे. आता घरचे सांगतो. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत दोन वर्षांपूर्वी आपला संघ थोडक्यात हरला. मी राखीव खेळाडू म्हणून सीमारेषेबाहेर बसलो होतो. शेवटच्या षटकात एका मुलाच्या हातून झेल सुटला. झाले! त्या आधी आपल्या फलंदाजांनी तीन गडी धावबाद होऊन फुकट घालवले होते, ते कोणाला आठवेना. जेवणघरात त्याच्या नावाने ओरडा, वर्गात शिरताना शिट्ट्या. वाडेकरांच्या गाठीला तीन मालिकांचे विजय होते. या पोराच्या गाठीला काय होते? तो पुन्हा मैदानावर आला नाही. आपला सर्वांत चपळ क्षेत्ररक्षक आपणच घालवला आणि पुढच्या वर्षी आणखी वाईट हरलो.

मग चाहत्याने रागावूच नये काय? मला तसे म्हणावयाचे नाही. ज्याला राग येत नाही तो चाहताच नव्हे. निवड का चुकली, सराव का झाला नाही, पैसा कुठे गेला, हे विचारण्याचा त्याला पुरता हक्क आहे. मात्र प्रश्न खेळाला विचारावा, माणसाच्या मुळावर उठू नये. कारण आपला निकाल टिकत नाही हो! २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात १६ धावा अडवावयाच्या होत्या, तेव्हा चेंडू होता हार्दिकच्याच हाती. भारत ७ धावांनी जिंकला आणि ४ जुलै रोजी त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला. आणि वाडेकर? १९७४ साली इंग्लंडकडून ३-० हरलेला हा कर्णधार १९९३ साली इंग्लंडला मायदेशी ३-० हरवणाऱ्या संघाचा व्यवस्थापक होता. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ते गेले, तेव्हा आदरांजलीचे लेख १९७१ विषयीच लिहिले गेले.

यंदाही हिवाळ्यात आपला संघ सामन्यांना जाईल. जिंकेल की हरेल, कोण सांगणार? पण झेल कोणाच्याही हातून सुटला, तरी संध्याकाळी जेवणघरात ‘आपण हरलो’ असे म्हणावे. ‘ते हरले’ असे नव्हे. एवढे झाले तरी त्या मुलासारखा दुसरा कोणी आपल्या हातून सुटणार नाही.