शेवटच्या शंभर मीटरची पुंजी

मागून येऊन जिंकणाऱ्या माणसाविषयी आपल्याला एक उपजत ओढ असते. शंकरपट असो, कुस्तीचा आखाडा असो की शाळेच्या पटांगणावरची धावण्याची शर्यत, पहिल्यापासून पुढे असलेला जिंकला की आपण टाळ्या वाजवतो. पण शेवटून तिसरा असलेला पोरगा अखेरच्या वळणावर एकेकाला मागे टाकत आला, की आपण जागचे उठून उभे राहतो. घरात टीव्हीपुढे बसलेली आजीसुद्धा ‘आला, आला’ म्हणून ओरडते. तो कोण, कुठला, याच्याशी त्या क्षणी तिला काही देणेघेणे नसते.

६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत असेच झाले. तीन हजार मीटर स्टीपलचेस ही शर्यत तशी आडदांडच. साडेसात फेऱ्यांच्या आसपास अंतर, वाटेत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. या शर्यतीत केनियाची मिरासदारी अशी की १९९८पासून राष्ट्रकुलातली तिन्ही पदके त्यांच्याच घरी जात. त्याआधी बिगरकेनियन धावपटूला पदक मिळाले होते ते १९९४ साली. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, मांडवा गावी, अविनाश साबळेचा जन्म झाला होता.

वीटभट्टीवर राबणारे आईबाप, शाळेसाठी सहा किलोमीटरची पायपीट, बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंट, मग सियाचीनचे बर्फ आणि राजस्थानची वाळू. शर्यतीत उतरला तो सैन्यात गेल्यावर. २०१८मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. बर्मिंगहॅमला तो तीन केनियन धावपटूंच्या पाठीला चिकटून धावत राहिला. त्यांतला कॉन्सेस्लस किप्रुतो हा तर ऑलिम्पिक विजेता. अखेरीस साबळेपुढे उरला एकटा अब्राहम किबिवोत. शेवटच्या सरळ पट्ट्यात अंतर आटत गेले, आटत गेले, आणि रेषा आली. किबिवोत ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंद. फरक पाच शतांश सेकंदाचा, म्हणजे साबळेच्या त्या दिवशीच्या सरासरी वेगाने शाळेतल्या फूटपट्टीएवढा! सुवर्ण हुकले, पण रौप्यपदक आले, नवा राष्ट्रीय विक्रमही झाला आणि मिरासदारी मोडली.

अशा शर्यतींच्या इतिहासात १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमधले दहा हजार मीटर अजरामर आहे. अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासी जमातीचा बिली मिल्स कोणाच्या खिजगणतीत नव्हता. पुढे होता विश्वविक्रमवीर ऑस्ट्रेलियन रॉन क्लार्क. शेवटच्या फेरीत क्लार्कने वाट काढताना मिल्सला बाहेर ढकलले. ट्युनिशियाचा मोहम्मद गमूदी दोघांच्या मधून घुसून पुढे गेला. मिल्स तिसरा पडला. सगळे आटोपले असे वाटत असताना तो बाहेरच्या बाजूने वाऱ्यासारखा आला आणि २८ मिनिटे २४.४ सेकंदांत जिंकला. स्वतःच्या आधीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा तो जवळजवळ पाऊण मिनिट लवकर पोहोचला होता.

दुसरा किस्सा १९७२च्या म्युनिकचा. डोक्यावर गोल्फची टोपी घालून धावणारा डेव्ह वॉटल आठशे मीटरच्या शर्यतीत सुरुवातीला सर्वांत मागे होता. अखेरीस सोव्हिएत संघाच्या अर्झानोव्हला त्याने तीन शतांश सेकंदाने गाठले. सर्वांना वाटले, काय शेवटी वेग वाढवला! गंमत अशी, की त्याने वेग फारसा वाढवलाच नव्हता. प्रत्येक दोनशे मीटरला त्याला साधारण सव्वीस-साडेसव्वीस सेकंद लागले होते. तो तसाच धावत राहिला; दमून मंद झाले ते बाकीचे.

इथे माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा होतो. ए. व्ही. हिल या नोबेलविजेत्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात स्नायूंच्या थकव्याचा अभ्यास करताना ‘प्राणवायूचे कर्ज’ असा शब्दच वापरला. पुढे त्या कल्पनेच्या तपशिलात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मूळ हिशेब कोणत्याही खातेदाराला कळावा असा आहे. श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूच्या कमाईपेक्षा खर्च जास्त झाला, की शरीर उधारीवर चालते. ही उधारी शेवटच्या शंभर मीटरसाठी काढली तर ती कामी येते. पहिल्याच फेरीत काढली तर व्याज वाटेतच भरावे लागते, पाय शिशाचे होतात. ज्याला आपण शेवटची मुसंडी म्हणतो, ती बहुतेक वेळा आधीच्या फेऱ्यांत राखलेली शिल्लक असते.

हे सगळे सांगायचे कारण आमच्या आसेगावच्या रस्त्यावर पहाटे दिसते. मंगरूळपीर तालुक्यातले हे गाव सोयाबीन-तुरीचे. पाऊस फिरला की वर्षाचे गणित फिरते. म्हणून घरोघरचा एखादा पोरगा किंवा पोरगी उजाडायच्या आत डांबरी रस्त्यावर धावत असते. डोळ्यांपुढे पोलीस भरती नाही तर सैन्यभरती. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण, त्यांतले २० गुण मुलांच्या १६०० मीटरना. पाच मिनिटे दहा सेकंदांत आलात तर पुरे वीस; उशीर झाला की गुण उतरू लागतात. गुणवत्ता यादीत एकेका गुणावर नोकरी येते आणि जाते. मैदानावरून परतलेल्या एका मुलाच्या काकांना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “शेवटी लई जोरात पयाला जी, पण पयल्याच चकरात दम निंगून गेला होता ना!”

त्या एका वाक्यात हिलचा सारा सिद्धांत आला. चारशे मीटरच्या चार फेऱ्या, एकूण ३१० सेकंद. म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. शिट्टी वाजताच घोळक्याबरोबर उधळणाऱ्या मुलाला हा भागाकार कोणीतरी शिकवायला हवा. बहुतेकांना प्रशिक्षक नसतो. असतो तो मोबाइलमधला घड्याळाचा काटा आणि पुढे धावणाऱ्याची पाठ.

आणि तरीही शेवटी हुकले तर? १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषा यांचे कांस्यपदक एका शतांश सेकंदाने गेले. ५५.४२ आणि ५५.४१, एवढाच फरक. पण त्यांच्यानंतर ३२ वर्षांनी, २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, धावपट्टीवरच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला झाली ती आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर. साबळेनेही बर्मिंगहॅमनंतर पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण मिळवले. त्या वेळी तर तो पहिल्यापासूनच पुढे होता.

घरात भरतीची तयारी करणारे कोणी असेल, तर एवढेच सांगा: पहिल्या फेरीत मागे पडलास म्हणून घाबरू नकोस आणि पुढे आहेस म्हणून उधळू नकोस. निकालाचा कागद फूटपट्टीएवढ्या अंतराने हातातून निसटला, तरी छातीत साठवलेला दम कोणी काढून घेत नाही. पुढच्या भरतीला तो तुझ्याच खात्यावर जमा असतो.