भोंग्याच्या दारातली शाळा

भिवंडीहून वाड्याकडे निघालं की अंबाडी नाका लागतो. इथून वज्रेश्वरी, उसगाव करत शिरसाडला जाणारा रस्ता फुटतो. बहुतेक गाड्या देवीच्या दर्शनाला नाहीतर गरम पाण्याच्या कुंडांकडे वळतात. उसगावला थांबणारे थोडे. तिथं विधायक संसदेचं केंद्र आहे.

विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी 1979 साली ही संस्था काढली. वेठबिगारीविरोधी कायदा 1976चा, पण या पट्ट्यात ‘लग्नगडी’ तसेच राबत होते. लग्नासाठी कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला नवराबायको दोघांनी सावकाराच्या दारात राबायचं. त्यांना सोडवता सोडवता 1982मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. पुढे 1999 साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने पंडित दांपत्याला पुरस्कार दिला.

मला मात्र त्यांचं भोंगाशाळेचं काम अधिक मोलाचं वाटतं. भोंगा म्हणजे इथं कर्णा नव्हे. वीटभट्टीवर मजुरानं हंगामापुरतं उभारलेलं खोपटं. कातकरी, वारली कुटुंबं पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळी सरली की भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं घेऊन भट्टीवर येतात. मजुरी हजार विटांच्या हिशेबानं, म्हणून घरातला प्रत्येक हात कामाला लागतो. थोरला ओल्या विटा उलटतो, थोरली धाकट्याला कडेवर घेऊन बसते. नाव गावच्या हजेरीपटावर आणि पोर इथं. पाऊस तोंडावर आला की सगळे परततात, तेव्हा वर्ष संपलेलं असतं.

मूल शाळेपर्यंत पोचत नाही, तर शाळाच भोंग्यापाशी न्यायची, असं संस्थेनं 1990च्या दशकात ठरवलं. ऐकायला सोपं आहे. पण आईबापांची पहाट गाऱ्यात आणि साच्यात जाते. पोर वर्गात बसलं की तेवढ्या विटा कमी. त्यामुळे शिकवणाऱ्याचा निम्मा वेळ फळ्यापुढे नाही, भट्टीवरच्या बोलण्यात जातो. कडेवरच्या धाकट्यासकट आलेल्या मुलीला परत पाठवायचं नाही, एवढं तरी त्याला कळायलाच हवं.

मुलांसाठी काम करणारे क्लब आपल्याकडे कमी नाहीत. रोटरी 1905 साली शिकागोत सुरू झाला, लायन्स 1917चा. दोघांच्या शाखा आपल्या तालुक्या-तालुक्यांत आहेत. वह्या-दप्तरं वाटली जातात, फोटो निघतो. वह्या लागतातच, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण वही मिळालेलं पोर आठवड्यानं कुठे आहे हे पाहणारं माणूसही लागतं, आणि क्लबात नाव घालणाऱ्यानं खरी वर्गणी म्हणून तो वेळच द्यावा.

भट्ट्या दिवाळीनंतर लागतात. भोंगाशाळेवर यायचं असेल तर तेव्हा या, आणि मे संपेपर्यंतचा आठवड्याचा एक दिवस आधीच मोकळा करून या.