स्टेशन तयार, परवानगी बाकी!

पुण्याहून हैदराबादला बसने कधी गेलायत? सोलापूर, उमरगा मागे पडतं, मध्ये कर्नाटकाचा एक तुकडा लागतो आणि मग तेलंगणातलं जहीराबाद येतं. बस चहाला थांबली तर थांबते, नाहीतर आपण इअरफोन लावून झोपलेलो असतो. याच जहीराबादच्या परिसरात माचनूर नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे एक एफएम स्टेशन आहे. संघम रेडिओ, ९०.४ मेगाहर्ट्झ.

या स्टेशनवर आरजेचा फाडफाड हिंग्लिश आवाज नाही, प्रँक कॉल नाहीत आणि ताज्या सिनेमांची गाणीही नाहीत. ते चालवतात शेतात राबणाऱ्या दलित बायका. भारतात गावपातळीवरच्या संस्थेने चालवलेलं पहिलं कम्युनिटी रेडिओ स्टेशन म्हणून ते ओळखलं जातं. हवेवर आलं १५ ऑक्टोबर २००८ रोजी. पण गंमत, खरं तर गंमत नव्हेच, अशी की स्टुडिओ दहा वर्षं आधीपासून बांधून तयार होता. माणसं तयार होती, कार्यक्रम तयार होते. नव्हती ती फक्त परवानगी.

या दहा वर्षांची गोष्ट नीट कळायची तर सुरुवात मात्र क्रिकेटपासून करावी लागते.

सचिनची ओव्हर आणि कोर्टातली मॅच

नोव्हेंबर १९९३. कोलकात्याचं ईडन गार्डन, हिरो कपची सेमीफायनल. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरमध्ये सहा रन्स हव्यात आणि अझरुद्दीन बॉल देतो सचिनच्या हातात. सचिन तीनच रन्स देतो, भारत दोन रन्सनी जिंकतो. ही क्लिप तुम्ही यूट्यूबवर पाहिली असेल, नसेल तर बाबांना विचारा, त्यांना ती ओव्हर पाठ असेल.

पण त्याच वेळी दुसरी एक मॅच कोर्टात चालू होती. बंगालच्या क्रिकेट संघटनेने या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले होते. सरकारचं म्हणणं, प्रक्षेपण हा आमचा अधिकार, १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने तो आमच्याकडे आहे. परदेशी कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्सने अडवून ठेवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तात्पुरता मार्ग काढून मॅचेस झाल्या, कप आपण जिंकला, लोक विसरूनही गेले. मूळ प्रश्न मात्र उरला: हवेतून जाणाऱ्या या लहरी नेमक्या कुणाच्या?

९ फेब्रुवारी १९९५ला निकाल आला. मुख्य निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. निवृत्तीनंतर पुण्यात राहिलेले, नंतर प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झालेले आपले मराठी न्यायमूर्ती. कोर्टाने सांगितलं, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी व्हायला हवा. त्यावर सरकारची मक्तेदारी नको, तशी पैसेवाल्यांचीही नको. लहरी मर्यादित आहेत, म्हणून नियमन लागेल, पण ते एका स्वायत्त संस्थेने करावं.

सध्या आपण गाडीत जी खासगी एफएम स्टेशनं ऐकतो, त्यांच्यामागे हा निकाल उभा आहे. आकाशवाणीची मक्तेदारी मोडली ती इथून पुढे. १९९९मध्ये खासगी एफएमचं धोरण आलं, लिलाव झाले, मोठ्या शहरांत कोटींच्या बोली लागल्या. ३ जुलै २००१ला बंगळुरूत रेडिओ सिटी सुरू झालं, ते देशातलं पहिलं खासगी एफएम स्टेशन.

म्हणजे निकालातलं 'सरकारची मक्तेदारी नको' हे वाक्य लगेच कामी आलं. 'पैसेवाल्यांचीही नको' हे वाक्य मात्र फाइलीत पडून राहिलं.

कॅसेटवरचा रेडिओ

आता माचनूरला जाऊ. या कोरडवाहू भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८०च्या दशकापासून काम करतेय. तिचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश आधी दूरदर्शनवर निर्माते होते. गावागावांत बायकांचे गट झाले, त्यांना तिथे 'संघम' म्हणतात. ज्वारी, राळे, तूर अशी कमी पाण्यावर येणारी पिकं, घरचं बियाणं, पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आणणं, ही त्यांची कामं. बियाणं कसं निवडायचं, राखेत कसं ठेवायचं, कोणत्या पिकाबरोबर कोणतं पेरायचं, हे सगळं ज्ञान या बायकांच्या डोक्यात आणि गाण्यांत. कागदावर काहीच नाही, कारण त्यातल्या बहुतेकींना शाळा मिळालीच नव्हती.

अशा वेळी रेडिओइतकं सोयीचं माध्यम दुसरं कुठलं? वाचता यायला नको, हात रिकामे असायला नकोत. भाकऱ्या थापता थापता ऐकता येतो. आणि या बायकांना फक्त ऐकायचं नव्हतं, बोलायचंही होतं. तेही आपल्या बोलीत. शहरी स्टेशनवरची पुस्तकी तेलुगू त्यांच्या चुलीपर्यंत पोचतच नव्हती.

युनेस्कोच्या मदतीने १९९८च्या सुमारास माचनूरला स्टुडिओ उभा राहिला. संघमच्या मुली-बायका रेकॉर्डिंग शिकल्या, एडिटिंग शिकल्या. त्यातल्या दोघी या स्टेशनचा चेहराच झाल्या आणि दोघींचं नाव एकच, नरसम्मा. मग ओळखायचं कसं? एकीच्या नावापुढे गावाचं नाव लागलं, अल्गोले नरसम्मा. दुसरीला सगळे म्हणतात जनरल नरसम्मा.

सरकारकडे परवानगी मागितली. मिळाली नाही. कारण कायद्यात अशा स्टेशनसाठी रकानाच नव्हता. सरकारी रेडिओ होता, कंपन्यांचा रेडिओ होता. गावाचा रेडिओ ही गोष्टच कागदावर नव्हती.

मग या बायकांनी काय केलं? त्या कार्यक्रम करत राहिल्या. शेतीवरचे, आजारपणावरचे, सणांवरचे, जात्यावरच्या नि पेरणीच्या गाण्यांचे. रेकॉर्ड केलेल्या कॅसेट्स संघमच्या बैठकीत न्यायच्या, टेपरेकॉर्डर मधोमध ठेवायचा, सगळ्यांनी भोवती बसून ऐकायचं. लहरींना बंदी होती ना, मग रेडिओ पायी पायी गावोगाव गेला.

अशा आडवाटा तेव्हा इतरांनीही काढल्या. कर्नाटकात बुदिकोटे गावात 'नम्म ध्वनी'ने बिनतारी नको तर नको म्हणत चक्क केबलच्या तारेतून घराघरात कार्यक्रम पोचवले. बिहारमध्ये मन्सूरपूरच्या एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने पन्नासेक रुपयांत ट्रान्समीटर जुळवून 'राघव एफएम' सुरू केलं. आजूबाजूच्या गावांत ते तुफान चाललं. २००६मध्ये परवाना नाही म्हणून बंद झालं. पोराला बिचाऱ्याला परवाना लागतो हेच माहीत नव्हतं. तेव्हा माहीत असतं तरी त्याच्यासारख्याला तो मिळाला असता असं नाही.

दरम्यान आपला शेजारी नेपाळ पुढे गेला होता. काठमांडूत रेडिओ सागरमाथा १९९७लाच सुरू झाला होता. 'जगातली सगळ्यात मोठी लोकशाही' म्हणवणारे आपण मात्र गावातल्या बायांच्या हातात माइक द्यायला बिचकत होतो.

आधी कॉलेजांना, मग गावांना

२०००च्या जुलैमध्ये हैदराबाद आणि माचनूरजवळच्या पस्तापूरमध्ये देशभरातले कार्यकर्ते जमले. कम्युनिटी रेडिओसाठी वेगळा कायदेशीर दर्जा द्या, अशी मागणी तिथून पुढे आली. २००२च्या शेवटी सरकारने दार किलकिलं केलं, पण आत घेतलं फक्त नामांकित शिक्षणसंस्थांना. त्यातून १ फेब्रुवारी २००४ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं 'अण्णा एफएम' सुरू झालं. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी'ही याच लाटेतली. कॅम्पस रेडिओ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, तो असा आला. चांगलंच झालं. पण त्यामागे एक गृहीतक होतं: शिकलेल्यांच्या हातात रेडिओ द्यायला हरकत नाही, बाकीच्यांचा भरवसा नाही.

ते गृहीतक सुटायला आणखी चार वर्षं लागली. नोव्हेंबर २००६मध्ये नवं धोरण मंजूर झालं आणि स्वयंसेवी संस्थांनाही अर्ज करता येऊ लागला. अटी साध्या, पण घट्ट. नफा कमवायचा नाही. निदान निम्मा मजकूर स्थानिक, लोकांच्या सहभागातून तयार झालेला हवा. ताकद १०० वॅट, फार तर विशेष परवानगीने थोडी जास्त. जाहिराती तासाला पाच मिनिटं, ही मर्यादा पुढे वाढली.

ही १०० वॅटची अट वाचून वाटेल, एवढ्याशा ताकदीत काय होणार? एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. तेवढ्या ताकदीवर सपाट भागात दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतं, मग आवाज विरत जातो. पण त्यामुळेच एकच फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा वापरता येते. संघम रेडिओ ९०.४वर आहे आणि आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माण तालुक्यातल्या बायकांसाठी २००८मध्येच सुरू झालेली 'माणदेशी तरंग वाहिनी'सुद्धा ९०.४वरच. दोघींची गाठ हवेत पडत नाही.

शेवटी १५ ऑक्टोबर २००८ उजाडला. संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेला ग्रामीण महिला दिन त्याच वर्षी पहिल्यांदा साजरा होत होता. माचनूरला स्टेशनचं उद्घाटन करायला आले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. लहरी लोकांच्या आहेत हे १९९५ला लिहून ठेवणारा माणूस. ते वाक्य दिल्लीहून माचनूरपर्यंत पोचायला तेरा वर्षं लागली. २०२१मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या बऱ्याच निकालांची आठवण निघाली. या स्टेशनचा उल्लेख क्वचितच झाला.

मग आता सगळं छान?

संघम रेडिओचे कार्यक्रम संध्याकाळी असतात, कारण दिवसा ऐकणारीही शेतात आणि बोलणारीही शेतात. विषय तेच: पेरणी, बियाणं, बाळंतपण, घरगुती औषधं, गाणी, सण. आज ज्या मिलेट्सचं कॅफेच्या मेनूत कौतुक चाललंय, त्यांची बाजू हे स्टेशन तेव्हापासून मांडतंय जेव्हा ज्वारी-राळ्यांना गरिबाचं खाणं म्हणून नाकं मुरडली जात होती. पी. व्ही. सतीश मार्च २०२३मध्ये गेले. ते वर्ष जगभर मिलेट वर्ष म्हणून साजरं होत होतं.

पण गोष्ट इथे 'आणि मग सगळे सुखाने नांदू लागले' म्हणून संपत नाही. कम्युनिटी रेडिओला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, एवढंच. हवामान सांगा, बाजारभाव सांगा, परीक्षेच्या तारखा सांगा. पण गावातल्या पाण्याच्या टँकरचं काय झालं, ग्रामसभेत काय ठरलं, याची स्वतः बातमी करून सांगणं नियमात बसत नाही. हाच नियम खासगी एफएमलाही आहे. आपला आरजे दिवसभर बडबडतो, पण शहरात काय चाललंय ते कधीच धड का सांगत नाही, याचं एक उत्तर या नियमात आहे. गंमत बघा, तीच बातमी कुणीही फोनवरून यूट्यूबवर टाकू शकतं, छापील पेपरात देऊ शकतं, टीव्हीवर तर चोवीस तास ओरडून सांगू शकतं. रेडिओने सांगितली की मात्र चालत नाही.

सावंतांच्या निकालात सुचवलेली स्वायत्त संस्थाही रेडिओ परवान्यांसाठी आजवर आलेली नाही. परवाना अजून मंत्रालयातूनच मिळतो. देशभरात कम्युनिटी रेडिओ स्टेशनं आता पाचशेच्या आसपास आहेत, त्यातली बरीच शिक्षणसंस्थांची. १४० कोटींच्या देशात, इतक्या बोलीभाषांत, हा आकडा जास्त म्हणायचा की कमी, ते तुम्हीच ठरवा.

'पॉडकास्टच्या जमान्यात रेडिओ कशाला?' हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. माझ्याही आला होता. पण पॉडकास्टला डेटा लागतो, स्मार्टफोन लागतो आणि तो आधी शोधावा लागतो. रेडिओ लावला की लागतो. शिवाय पॉडकास्ट जगातल्या कुणासाठीही असतो. माचनूरचा रेडिओ फक्त पंधरा किलोमीटरांतल्या माणसांसाठी आहे, त्यामुळे बोलणारीला ठाऊक असतं की पलीकडच्या वाडीतली अमकी आत्ता ऐकतेय.

महाराष्ट्रात अशी स्टेशनं आहेत. पुण्यात 'विद्यावाणी' आहे, म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे, बारामतीला 'शारदा कृषी वाहिनी' आहे. तुमच्या कॉलेजच्या आसपासही एखादं असेल. अशा ठिकाणी बोलायला आणि रेकॉर्डिंग करायला माणसं लागतात. अनुभव नाही म्हणून अडून राहू नका. दोन्ही नरसम्मा माइकसमोर बसल्या तेव्हा त्यांच्याकडेही तो नव्हता. पुढची दहा वर्षं तर समोर श्रोत्यांची हवाही नव्हती, एक टेपरेकॉर्डर होता आणि भोवती बसलेल्या पंधरा-वीस बायका. तरी त्या दर आठवड्याला नवा कार्यक्रम करायच्याच.