महाबळेश्वरचा ‘बर्फ’ आणि आपल्याकडील थंडीचा अंदाज

डिसेंबर-जानेवारीत ‘महाबळेश्वरात बर्फ पडला’ असे फोटो मोबाईलवर फिरू लागतात आणि केलगेरीत आम्हा मंडळींत प्रश्न निघतो, ‘मग आपल्याकडे का नाही?’ त्याविषयी थोडेसे.

वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दिसतो तो पडलेला बर्फ नव्हे, गोठलेले दव असते. त्याला हिमकण म्हणतात. हिमवृष्टी ढगातून होते, हिमकण जमिनीवरच तयार होतात.

हिमवृष्टीचे कर्जप्रकरणासारखे आहे, दोन सह्या लागतात. एक कडाक्याच्या थंडीची, दुसरी ओलाव्याची. आपल्याकडे आकाश निरभ्र असते तेव्हा थंडी पडते, पण हवा कोरडी असते. बंगालच्या उपसागराकडून ढग आले की ओलावा मिळतो, पण तेच ढग पांघरुणासारखे रात्र उबदार ठेवतात. दोन्ही सह्या एका कागदावर येतच नाहीत. शिवाय उत्तर ध्रुवाकडील थंड हवा हिमालय अडवतो. अमेरिकेच्या दक्षिणेला असा आडवा पर्वत नाही. म्हणून २१ जानेवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्ससारख्या उबदार शहरात सुमारे २० सेंटीमीटर बर्फ पडला. ते शहर साधारण दिल्लीच्याच अक्षांशांवर आहे, पण दिल्लीत बर्फ पडत नाही.

हिमकणांचा अंदाज मात्र आदल्या संध्याकाळी बांधता येतो. आकाश निरभ्र हवे, वारा पडलेला हवा, हवा कोरडी हवी आणि जागा सखल हवी, कारण थंड हवा जड असते व उतारावरून खाली साचते. वेण्णा तलावाचा परिसर तसाच आहे. यांतील एक गोष्ट बिघडली, थोडा वारा सुटला किंवा ढग आले, तरी अंदाज चुकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीत असतो. उघड्यावरचे गवत त्याहून काही अंश अधिक थंड होते. म्हणून बातमीत ५ अंश असले तरी गवतावर हिमकण दिसू शकतात. धारवाडात पारा एखाद्या पहाटे १० अंशांच्या आसपास उतरला, तरी केलगेरीच्या तलावाकाठी दव आणि धुकेच दिसते.

हा केवळ हौसेचा विषय नाही. निफाडकडील द्राक्षबागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, पहाटे पाणी सोडतात. थंडी फार वाढली की मणी तडकतात. बँकेत असताना पीककर्जाची प्रकरणे आम्ही पाहिली आहेत. वर्षभराचा हिशेब दोन रात्रींत बिघडू शकतो.

तेव्हा ज्यांची गावाकडे बाग किंवा भाजीपाला आहे, त्यांनी अंदाजातला नुसता किमान तापमानाचा आकडा पाहू नये. ढग आणि वारा हे दोन रकानेही वाचावेत. दोन्ही रकाने कोरे आणि पारा घसरलेला, तर संध्याकाळीच हलके पाणी द्यावे व रोपे झाकावीत. ओली जमीन रात्री ऊब धरून ठेवते. हवामान खाते व कृषी विद्यापीठांचा कृषी हवामान सल्लाही पाहत जावा. आणि ‘बर्फ पडला’ हा फोटो पुढे पाठवताना खाली ‘हिमकण’ एवढे जरूर लिहावे.